लग्न झालंय, हे सिद्ध करा : जोडीदाराच्या व्हिसाची दीडशे वर्षं

आजचा विषय तसा घरगुती आहे. लग्न ठरतं. दोघांपैकी एकाची नोकरी परदेशात असते, किंवा लग्नानंतर दोघांनी मिळून जायचं असतं. मग घरात साड्या, हॉल आणि केटरर यांच्याइतकीच चर्चा कागदांची सुरू होते. विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्टवरचं नाव, लग्नाचे फोटो, पत्रिका, बँकेचे कागद, पगाराच्या पावत्या. चारशे माणसं ज्या लग्नात जेवून गेली, ते लग्न खरंच झालं आहे हे खिडकीपलीकडच्या एका अनोळखी अधिकाऱ्याला पटवून द्यायचं असतं.

हा अर्ज भरताना आपण वैतागतो आणि 'सरकारी काम' म्हणून सोडून देतो. पण त्यातले प्रश्न कुणीतरी, कुठेतरी, काही कारणाने पहिल्यांदा विचारले होते. आज आपण त्यांतल्या तीन प्रश्नांचा माग काढू. पहिला, तुमचं लग्न आमच्या कायद्यात बसतं का? दुसरा, ते खरं आहे का? आणि तिसरा, जोडीदाराला पोसायची तुमची ऐपत आहे का, आणि इथे आल्यावर त्याने किंवा तिने काय करायचं? या तिन्ही प्रश्नांची किंमत आधी कुणीतरी मोजलेली आहे, आणि ती बहुतेक वेळा बायकांनी मोजलेली आहे. आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे ते एवढंच.

कागद नव्हते तेव्हा

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसांपासून करू. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. बरोबर नवरा नाही. गोपाळराव मागे राहिले. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतलं, मार्च १८८६ मध्ये पदवी मिळवली, आणि पदवीदानाच्या आधी गोपाळरावही अमेरिकेत पोचले. आजच्या भाषेत बोलायचं तर बायको विद्यार्थिनी आणि नवरा 'डिपेंडंट'. पण त्या दोघांना व्हिसाचा अर्ज करावा लागला नाही, कारण तेव्हा त्यांच्यासाठी व्हिसा नावाची गोष्टच नव्हती. तिकिटाचे पैसे, प्रवासाची हिंमत आणि घरच्या-दारच्यांचा विरोध सोसायची तयारी, एवढ्या भांडवलावर ती दोघं गेली. आनंदीबाईंच्या चरित्रात समाजाच्या अडथळ्यांची पानंच्या पानं आहेत, परक्या सरकारच्या अडथळ्याचं जवळपास काही नाही.

म्हणजे तेव्हा सगळ्यांनाच मोकळं रान होतं का? नाही. त्याच अमेरिकेत १८७५ साली पेज कायदा झाला होता. वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना आणू नये, असं या कायद्याचं वरवरचं कलम होतं. अंमलबजावणी मात्र झाली ती मुख्यतः चिनी बायकांवर. हाँगकाँगहून जहाजात चढण्याआधी चिनी बाईला अमेरिकी वकिलातीसमोर आपलं चारित्र्य सिद्ध करावं लागे. आपण कुणाची कोण, कशासाठी चाललो, नवरा कोण, हे सगळं तिथे सांगायचं. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, ही चौकशी निघण्याआधी, आपल्याच बाजूच्या किनाऱ्यावर होत होती. आज दूतावासात जोडीदाराची जी मुलाखत होते, तिची एक जुनी आजी हाँगकाँगमध्ये सापडते. आनंदीबाई गेल्या त्याच्या एकच वर्ष आधी, १८८२ साली, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदाही आला होता. एकाच देशात एकीला कुणी काही विचारत नव्हतं आणि दुसरीला दारातच अडवत होते.

पुढे १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर ही चौकशी फारच वाढली. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवायचं आणि तेच प्रश्न दोघांना विचारायचे. गावातल्या घराचं तोंड कुठल्या दिशेला? पायऱ्या किती? विहीर कुठे? शेजारी कोण राहतं? उत्तरं जुळली नाहीत की संशय. त्यामुळे लोक उत्तरांच्या वह्या पाठ करत आणि बेट दिसायच्या आत त्या समुद्रात फेकून देत. आता विचार करा. खऱ्या नवरा-बायकोचीसुद्धा अशा प्रश्नांवर उत्तरं चुकतात. आपल्या स्वतःच्या जिन्याला पायऱ्या किती, हे आपल्यापैकी किती जण न मोजता सांगू शकतील? पण पाठ केलेली जोडी पास होऊ शकते आणि खरी जोडी नापास, ही गोम तेव्हापासूनची आहे.

१९२४ च्या कायद्यानंतर तर गंमतच झाली. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. चिनी व्यापाऱ्याच्या बायकोला येता येईल, कारण चीनशी व्यापाराचा तह आहे. पण चिनी वंशाच्या अमेरिकी नागरिकाच्या चिनी बायकोला येता येणार नाही. परक्याची बायको आत, स्वतःच्या नागरिकाची बायको बाहेर! १९३० मध्ये यात थोडी दुरुस्ती झाली, तीही १९२४ चा कायदा होण्याआधी लग्न केलेल्यांपुरतीच.

पहिला प्रश्न : कुठलं लग्न?

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू, कारण लग्नाच्या वैधतेचा प्रश्न भारतीयांच्या अंगावर सगळ्यात जोरात आला तो तिथे. १४ मार्च १९१३. केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यासमोर बाई मरियम यांचं प्रकरण होतं. नवरा तिथला रहिवासी, लग्न भारतात मुस्लिम पद्धतीने झालेलं, आणि बायकोला बंदरावर अडवलेलं. न्यायालयाने सांगितलं की, ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न इथल्या कायद्यात लग्न धरता येणार नाही. या नवऱ्याला दुसरी बायको आहे की नाही हा मुद्दाच नव्हता. धर्मात मुभा आहे, एवढं पुरे होतं. म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी, सगळ्यांचीच लग्नं एका फटक्यात अधांतरी झाली. बायका कायद्याने बायका राहिल्या नाहीत आणि मुलांच्या वारसाहक्काचंही काही खरं राहिलं नाही.

तोवर तिथल्या भारतीयांचा लढा मुख्यतः पुरुषांचा होता. परवाने, नोंदणी, तीन पौंडांचा कर, असे त्याचे विषय होते. या निकालाने तो घरात शिरला. गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय की, या निकालानंतर बायकांना सत्याग्रहात येण्यापासून थांबवणं शक्य राहिलं नाही. १५ सप्टेंबर १९१३ ला फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली. तिच्यात कस्तुरबांसह चार बायका होत्या. परवाना न घेता त्यांनी ट्रान्सवालची हद्द ओलांडली, पकडल्या गेल्या, आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. टॉलस्टॉय फार्मवरच्या तमिळ बायका न्यूकॅसलला गेल्या आणि त्यांनी कोळशाच्या खाणीतले मजूर संपावर आणले. वल्लियम्मा ही कोवळ्या वयाची मुलगी तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये गेली.

इथे महाराष्ट्राचा धागाही आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते. १९१३ चा सत्याग्रह पेटला तेव्हा प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी इथे पैसे उभे केले, सरकारदरबारी प्रश्न लावून धरला. शेवटी १९१४ च्या भारतीय मदत कायद्याने एका नवऱ्याच्या एका बायकोचं लग्न मान्य केलं, मग ते कुठल्याही भारतीय धर्माच्या रीतीचं असो. आज आपण अर्जात विवाहाचा दाखला जोडतो. तो चालतो, हे गृहीत धरतो. तो चालावा म्हणून बायका खडी फोडायला तुरुंगात गेल्या होत्या, हे शाळेच्या पुस्तकात सत्याग्रहाच्या एका ओळीत संपतं.

दाखल्यावरून आठवलं. आपल्याकडे सप्तपदी झाली, मंगळसूत्र घातलं की लग्न झालं. नोंदणी बहुतेकांच्या मनातही नसायची. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचे कायदे होते, १९५३ चा मुंबई राज्याचा, मग १९९८ चा. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सीमा विरुद्ध अश्वनीकुमार' या खटल्यात सगळ्यांच्याच लग्नाची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितलं. न्यायालयाचा हेतू बालविवाह रोखणं, बायकांचे हक्क राखणं हा होता. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांत नोंदणीच्या कचेरीची पायरी चढायचं कारण पुष्कळदा व्हिसा हेच असतं.

हा पहिला प्रश्न अजून मिटलेला नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर गावी रिचर्ड ॲडम्स आणि ऑस्ट्रेलियाचा टोनी सलिव्हन यांना लग्नाचा परवाना मिळाला. ॲडम्सने नवऱ्यासाठी अर्ज केला. सरकारी खात्याने समलिंगी माणसांसाठी शिवीसारखा वापरला जाणारा शब्द लिहून तो फेटाळला. फोनवर नव्हे, अधिकृत पत्रात! अमेरिकेत अशा जोडप्यांना जोडीदाराचा व्हिसा मिळू लागला तो जून २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे आपल्याकडच्या अशा जोडप्याला आधी लग्नाचा दाखला मिळेल असा देश शोधावा लागतो.

दुसरा प्रश्न : खरं की खोटं?

आता ब्रिटन. इथे जरा थांबू, कारण संशयाचं शास्त्र कसं तयार होतं ते इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

१९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये येण्यावर पहिल्यांदा मर्यादा आली. पण आधी गेलेल्या पुरुषाच्या बायकोला आणि लहान मुलांना मज्जाव नव्हता. १९६९ मध्ये नियम आला की, बायका-मुलांनी निघण्याआधीच आपल्या देशातल्या ब्रिटिश कचेरीतून प्रवेशाचा दाखला घ्यायचा. कागदावर हक्क तोच, फक्त रांग वाढली. भारतीय उपखंडात ही रांग महिनोन्‌महिन्यांची, काही ठिकाणी वर्षाहून जास्त झाली. हक्क न काढता माणसाला थांबवून ठेवण्याची ही युक्ती पुढे अनेक सरकारांनी उचलली.

या रांगेला एक फट होती. लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला असा दाखला लागत नसे. येऊन तीन महिन्यांत लग्न करायचं. अधिकाऱ्यांना संशय येऊ लागला की, आधीच लग्न झालेल्या बायका रांग टाळण्यासाठी 'लग्न व्हायचंय' असं सांगतात. हा संशय किती खालच्या थराला गेला ते २४ जानेवारी १९७९ ला दिसलं. हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' केली गेली, पुरुष डॉक्टरकडून. 'लग्न झालेलं नाही' हे म्हणणं तिच्या शरीरावर तपासलं गेलं. १ फेब्रुवारीला 'गार्डियन'ने बातमी छापली. भारत सरकारने निषेध नोंदवला, ब्रिटनमधल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय बायका रस्त्यावर उतरल्या, आणि गृहमंत्री मर्लिन रीस यांना ही चाचणी बंद करावी लागली. तेव्हा सांगितलं गेलं की, असं अगदी क्वचित झालं. २०११ मध्ये दोन अभ्यासकांनी सरकारी दप्तरं उघडून दाखवली, तर किमान ऐंशी बायकांची अशी तपासणी झालेली होती, आणि तीही बहुतेक भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांत.

हे ऐकायला अवघड आहे, कल्पना आहे. तरी सांगतोय, कारण यामागचा तर्क नीट पाहायला हवा. 'आशियाई बाई लग्नाआधी कुमारिका असणारच', ही आपल्याच समाजाची अपेक्षा त्या अधिकाऱ्याने उचलली आणि पुरावा म्हणून वापरली. आपल्या रूढी परक्या सरकारच्या हातात गेल्या की त्यांचं काय होतं, त्याचं हे उदाहरण. आणि हे एकच नाही.

१९८० च्या नियमांनी मोर्चा नवऱ्यांकडे वळवला. ब्रिटनमधल्या मुलीने भारतातल्या मुलाशी लग्न केलं तर त्या मुलाने सिद्ध करायचं की, या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही. याला 'मुख्य हेतूचा नियम' म्हणतात. 'माझा हेतू हा नव्हता' हे कसं सिद्ध करणार? मुलाखतीत विचारायचे, लग्नानंतर कुठे राहायचं हे कधी ठरलं? कुणी ठरवलं? तुमच्यात मुलगी सासरी जाते ना? मग तुम्ही सासरी का चाललात? आपल्याकडे 'घरजावई' या शब्दाला जो वास आहे, नेमका तोच नकाराचं कारण बनला. रीत पाळली तर ब्रिटनमध्ये जायचं कारण नाही, आणि रीत मोडली तर हेतू संशयास्पद! ठरवून केलेलं लग्न असेल तर प्रेम कुठे आहे विचारायचं, आणि प्रेमविवाह असेल तर घरच्यांची संमती कुठे आहे विचारायचं.

त्यातून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीन बायका युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या : अब्दुलअजीज, काबालेस आणि बल्कंदाली. मूळ अनुक्रमे मलावी, फिलिपिन्स आणि इजिप्तच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : इथे राहणारा पुरुष बायको आणू शकतो, तर आम्हाला नवरा का आणता येत नाही? २८ मे १९८५ ला न्यायालयाने निकाल दिला, हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. त्या जिंकल्या. मग सरकारने काय करावं? समानता आणली, पण नवऱ्यांसाठीचे कडक नियम बायकांनाही लावून! 'मुख्य हेतूचा नियम' अखेर जून १९९७ मध्ये, सरकार बदलल्यावर रद्द झाला. तोवर सतरा वर्षं गेली होती. सतरा वर्षांत किती संसार फोनवर आणि पत्रांवर चालले असतील, त्याचा हिशेब कुठल्या दप्तरात नाही.

तिसरा प्रश्न : खाणार काय, करणार काय?

संशयाची भाषा लाजिरवाणी झाली, तेव्हा पैशाची भाषा आली. नोव्हेंबर २०१० पासून ब्रिटनला येणाऱ्या जोडीदाराला इंग्रजीची परीक्षा. जुलै २०१२ पासून बोलावणाऱ्याची वर्षाची मिळकत किमान १८,६०० पौंड हवी, आणि कायम राहण्याआधीची मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षं. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा २९,००० पौंडांवर गेला. यात धर्म, वंश, लिंग कशाचाच उल्लेख नाही. पण कमी पगाराचं काम कोण करतं, मूल लहान म्हणून अर्धवेळ नोकरी कोण करतं, हे पाहिलं की गाळणी कुणासाठी बारीक आहे ते कळतं. तिकडची नर्स किंवा बँकेतला अधिकारी नवरा आणू शकतो. दुकानात अर्ध्या पाळीवर काम करणारी बाई नागरिक असूनही आणू शकेलच असं नाही.

अमेरिकेची गोष्ट आपल्या पुण्या-मुंबई-नागपूरच्या घरांना जास्त जवळची. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाला आजचं रूप दिलं. त्याच्या जोडीदाराला एच-४. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण काम करता येत नाही. इथे इंजिनियर, डॉक्टर, शिक्षिका असलेली मुलगी तिथे 'डिपेंडंट' होते. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग इतकी लांब की, दोन-तीन वर्षांचं वाटलेलं थांबणं दशकावर जातं. मे २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. या नियमाला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला. पण एक लक्षात घ्या, ही परवानगी बायकोच्या पात्रतेवर नाही, नवऱ्याची फाईल कुठवर आली त्यावर मिळते. घरात मारहाण होत असेल, लग्न मोडायची वेळ आली, तर व्हिसासुद्धा त्याच लग्नाला बांधलेला असतो. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्या आपल्या घरांनी हा कागदही तितक्याच बारकाईने पाहायला हवा.

श्रोत्यांचा प्रश्न

*प्रश्न : पण खोटी लग्नं होतातच की. मग सरकारने तपासायचंच नाही का?*

होतात, आणि तपासण्याचा हक्कही सरकारला आहे. आपलं म्हणणं एवढंच की, तपासणी कशी होते हे पाहावं. आतापर्यंत आपण जी उदाहरणं पाहिली त्यांत चार गोष्टी सारख्या दिसतात. एक, संशय आधी ठरतो आणि कुणावर घ्यायचा तेही आधी ठरतं. चिनी बायको, भारतीय वधू, उपखंडातला नवरा. दोन, सिद्ध करायचं ओझं सरकारवर नसतं, जोडप्यावर असतं. तीन, नकार द्यायचा नसेल तेव्हा थांबवून ठेवतात. आणि चार, हे नियम बदलले ते कुणाला दया आली म्हणून बदललेले नाहीत. तुरुंगात गेलेल्या बायका, वर्तमानपत्रापर्यंत पोचलेली एक शिक्षिका, न्यायालयात गेलेल्या तिघी, यांच्यामुळे बदलले.

*प्रश्न : आज अर्ज करणाऱ्या जोडप्याला या इतिहासाचा काय उपयोग?*

दोन उपयोग सांगतो. पहिला अगदी व्यवहाराचा. खिडकीपलीकडचा माणूस जुन्या समजुती घेऊन बसलेला असू शकतो, म्हणून पाठ केलेली उत्तरं देऊ नका. खरं, साधं सांगा, आणि दोघांनी मिळून कागद नीट लावा. फाईल एकाच्याच हातात राहू देऊ नका. दुसऱ्याला स्वतःचा व्हिसा कशावर उभा आहे हे माहीत हवं. दुसरा उपयोग असा की, अर्ज नाकारला गेला किंवा अडकला तर 'आपलंच काही चुकलं' असं मनाला लावून घेऊ नका. अपिलाची, पुनर्विचाराची जी काही सोय असेल ती वापरा. ती सोयसुद्धा कुणीतरी भांडून मिळवलेली आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांकडे जाऊ. १९१७ च्या कायद्याने त्यांना भारतातून बायका आणणं अशक्य केलं, आणि त्यातल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं करून संसार थाटले. त्यांच्या मुलांची नावं ऐकलीत तर तुम्हाला आजचा विषय पुन्हा आठवेल.